भौतिकोपचाराची सनद

जामसांवळी येथील मारुती निजलेला आहे. सौंसरहून जवळच, पिंपळाच्या छायेत आडव्या स्थितीत असलेल्या त्या मूर्तीच्या दर्शनास मंगळवारी आणि शनिवारी जी गर्दी लोटते, तिच्यात धडधाकट माणसांच्या बरोबरीने आजारी माणसेही असतात. कोणाचे अर्धे अंग लुळे पडलेले, कोणाचा गुडघा वाकत नाही, कोणाचे मूल अद्याप मान धरीत नाही. मूर्तीच्या नाभीशी पाझरणारे पाणी ही मंडळी तीर्थ म्हणून घेतात. श्रद्धेविषयी येथे काही लिहावयाचे नाही; ज्याचे दुःख त्यालाच ठाऊक. परंतु हीच माणसे परतताना बाजारपेठेतून जातात, आणि तेथे त्यांना निराळ्या प्रकारच्या आशा दिसतात. ‘लकवा, गुडघा, कंबर यांवर खात्रीचा इलाज’ अशी एक पाटी. तिच्या पलीकडे ‘फिजिओथेरपी’ असे लिहिलेली दुसरी. आत बसलेल्या माणसाच्या हातांना काय येते, हे त्या पाटीवरून कळत नाही. मारुतीच्या दारी माणूस केवळ विश्वासाने जातो, ते योग्यच आहे. पण पैसे मोजून ज्याच्या हाती आपले अंग सोपवावयाचे त्याच्याविषयीही तेवढाच आंधळा विश्वास ठेवावा काय? अशी पाटी लावण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोणी द्यावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय सुचला तो एका पक्षकारामुळे. शेतीच्या वाटणीचे काम आटोपल्यावर उठता उठता ते म्हणाले, “वकीलसाहेब, एक घरचे विचारू का? पोरगी नागपूरला फिजिओथेरपी शिकली. मुंबईच्या परिषदेत तिचे नाव लागले आहे. आता तिला येथे, सौंसरात, दवाखाना घालावयाचा आहे. मुंबईचा नंबर येथे चालतो का?” प्रश्न एका वाक्याचा, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. मी त्यांना आठ दिवसांनी बोलाविले आणि कपाटातील कायदे काढून बसलो. तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाच्या पोटात निदान शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि त्याचा एक धागा माझ्या स्वतःच्या उजव्या कोपरापर्यंत येतो.

ते आधी सांगून टाकतो. १९८९ च्या उन्हाळ्यात, नऊ वर्षांचा असताना, मी चिंचेवरून पडलो. कोपर सुजले. आमच्या भागात हाड बसविणारांची परंपरा जुनी आहे, आणि तिला कामाची वाण कधी पडली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात जी गोटमार होते तिच्यात आजही दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. अशाच एका नामांकित हाडवैद्याकडे मला नेण्यात आले. त्याने हाड चाचपले, पट्ट्या बांधल्या, आणि पंधरा दिवसांनी पट्ट्या सोडून तेलाने मालिश सुरू केली. हात सरळ होत नाही असे दिसताच मालिशीचा जोर वाढला. मी ओरडत असे आणि घरची मंडळी धीर देत. महिन्याभरात कोपर दगडासारखे झाले.

वैद्यकात ही गोष्ट चांगली परिचित आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. दुखावलेल्या कोपरावर जोराने मालिश केली किंवा ते ओढून सरळ करावयाचा यत्न केला, तर सांध्यालगतच्या स्नायूतच हाड धरू लागते. जी गोष्ट उपाय म्हणून केली जाते तीच व्याधी होऊन बसते. नागपूरच्या एका रुग्णालयात अस्थिशल्यज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहिले, मालिश त्याच दिवशी बंद करविली, आणि काही काळ विश्रांती देऊन मला एका तरुण बाईंच्या स्वाधीन केले. त्या भौतिकोपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांनी माझा हात एकदाही ओढला नाही. ‘तूच हलव, दुखले की थांब,’ एवढेच त्या म्हणत, आणि रोज एका वहीत कोन मोजून लिहीत. मला वाटे, या काहीच करीत नाहीत. आईलाही तसेच वाटे. पाच महिन्यांत हात बराचसा आला. पूर्ण आला नाही. आजही न्यायालयात शपथेवर बोलणाऱ्या साक्षीदारासारखा उजवा हात सरळ उभारावयाचा म्हटले तर तो मध्येच थांबतो.

हाडवैद्याविषयी माझ्या मनात राग नाही. तो लबाड नव्हता, त्याला ठाऊक नव्हते इतकेच. मला नवल वाटले ते वकील झाल्यावर. कोपर बिघडविणारा तो मनुष्य आणि ते सुधारणाऱ्या त्या बाई, या दोघांत १९८९ साली आमच्याकडील कायद्याच्या दृष्टीने काडीचाही भेद नव्हता. डॉक्टरांची नोंदवही होती; मुंबई इलाख्यात ती १९१२ च्या कायद्याने आणि आमच्या मध्यप्रांतात १९१६ च्या कायद्याने सुरू झाली होती. परिचारिकांची होती, औषधविक्रेत्यांची होती. भौतिकोपचार करणाराची कोठेच नव्हती. त्या बाईंनी चार भिंतींत कितीही शिक्षण घेतलेले असो, उंबरठ्याबाहेर त्यांच्या ज्ञानाला नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याची चोरीही होऊ शकत नाही. ज्याला वाटेल त्याने ते उचलावे.

ही कल्पना आपल्याकडे नवी होती म्हणावे, तर तसेही नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात लागोपाठ दोन अध्याय आहेत. नववा ‘योग्यासूत्रीय’, त्यात शिष्याने हात कसा तयार करावा ते सांगितले आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर. भेदण्याचा सराव पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर. शीर वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. पट्टी बांधण्याचा वस्त्राच्या पुतळ्यावर. आणि दहावा ‘विशिखानुप्रवेशनीय’, म्हणजे व्यवसायाच्या रस्त्यावर पाऊल कसे टाकावे त्याचा. शास्त्र शिकलेला, त्याचा अर्थ जाणणारा, क्रिया पाहिलेला, स्वतः करून हात बसलेला, आणि राजाची अनुज्ञा मिळालेला असा वैद्यच या रस्त्यावर येण्यास पात्र, असा त्याचा भाव आहे. नखे कापलेली असावीत, वस्त्रे शुभ्र असावीत, हेही सांगावयास आचार्य विसरत नाहीत. त्याही आधी तिसऱ्या अध्यायात, ज्याला केवळ ग्रंथ येतो किंवा ज्याला केवळ क्रिया येते त्याला एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे, आणि कुवैद्य माजतात ते राजाच्या दोषामुळे असे स्पष्ट म्हटले आहे. दोष वैद्याचा नव्हे, राजाचा! वकिलाच्या कानाला हे वाक्य फार गोड लागते. शिक्षण, हाताची परीक्षा आणि राज्याची अनुज्ञा ही तीन अंगे तेथे एका ठिकाणी आली आहेत; आजच्या कायद्यांच्या जाड ग्रंथांत याहून वेगळे तत्त्व मला सापडले नाही.

अर्थात आधुनिक भौतिकोपचाराची सनद सुश्रुतापासून सरळ चालत आलेली नाही. ती आली लंडनहून, आणि आली ती एका बदनामीच्या प्रसंगातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मालिशीचे खूळ माजले होते. रुग्णसेवेच्या नावाखाली जी मालिशगृहे निघाली त्यांतील काहींत वेगळाच धंदा चाले, आणि १८९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्याविरुद्ध तोफ डागली. यात कुचंबणा झाली ती खरोखर शिकलेल्या परिचारिकांची. कारण लोकांच्या नजरेत सगळ्याच सारख्या. तेव्हा चार परिचारिकांनी त्याच वर्षी एक संस्था काढली, परीक्षा सुरू केली, आणि स्वतःवर कडक नियम घालून घेतले : डॉक्टरने सांगितल्यावाचून कोणावर उपचार करावयाचा नाही, पुरुषांवर सामान्यतः करावयाचा नाही, सामान्य वृत्तपत्रांत जाहिरात द्यावयाची नाही. १९२० मध्ये तिला राजाची सनद मिळाली. १९४४ मध्ये तिने भौतिकोपचाराचे नाव धारण केले. आणि कायद्याने नोंदणी सुरू झाली ती १९६० च्या कायद्यानंतर. अब्रू वाचविण्याच्या धडपडीपासून राज्याच्या नोंदवहीपर्यंत पासष्टांहून अधिक वर्षे गेली. आपल्याकडे विलंब झाला म्हणून हळहळताना हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

अमेरिकेने दुसरी बाजू उचलली. व्यक्तीला सनद देण्यापूर्वी तिला शिकविणाऱ्या शाळेचीच परीक्षा घ्यावयाची, ही कल्पना तेथे रुजली ती १९१० च्या अब्राहम फ्लेक्सनरच्या अहवालामुळे. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. त्याने १५५ वैद्यकीय शाळा पाहिल्या आणि प्रयोगशाळा नसलेल्या, रुग्ण नसलेल्या, केवळ फी घेऊन पदव्या वाटणाऱ्या शाळांची लक्तरे वेशीवर टांगली. पुष्कळ बंद पडल्या. मात्र त्या लाटेत कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी पाच बुडाल्या, आणि त्या समाजाला डॉक्टरांची वाण पिढ्यानपिढ्या भोगावी लागली. दर्जाची चाळणी हाती घेणाऱ्याने हे विसरू नये. गाळात काय जाते तेही पाहावे लागते.

आणखी एक उदाहरण असेच अडचणीचे आहे. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांचे हातपाय त्या काळी फळ्यांत आणि साच्यांत जखडून ठेवीत. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या बाईंनी ते सोडविले. ऊन लोकरीचे शेक दिले आणि स्नायू हलवावयास शिकविले. त्या ‘सिस्टर केनी’ म्हणून जगप्रसिद्ध झाल्या, पण परिचारिकेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. क्वीन्सलँडच्या चौकशी आयोगाने १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवर प्रतिकूल अहवाल दिला. पुढे चारच वर्षांनी अमेरिकेत मिनियापोलिस येथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तेव्हा सनद नसलेल्या हातांत कधीच ज्ञान नसते असे कोणी म्हणू नये. सनद ही ज्ञानाची जननी नव्हे. परक्या माणसाला परक्या माणसाची ओळख पटविणारा तो कागद आहे, आणि केनीबाईंसारखी माणसे शतकातून एखादी निघतात. उरलेल्या आपणा सर्वांना त्या कागदावर चालावे लागते.

आता मुंबईकडे वळू. आपल्याकडे या विद्येला जन्म दिला तो पोलिओने, आणि तिची दाई एक आई होती. १९४५ च्या सुमारास फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला. मुंबईत उपाय दिसेना म्हणून त्यांनी मद्रास गाठले. तेथे डॉ. किणी हे अस्थिशल्यज्ञ होते. किणी हे आडनाव या मासिकाच्या कोंकणी वाचकांस परके नाही, आणि अस्थिशल्यज्ञांच्या भारतीय संघटनेत त्यांच्या स्मरणार्थ आजही व्याख्यान होते. मुलीच्या निमित्ताने जे पाहिले ते इतर मुलांसाठीही व्हावे म्हणून फातिमाबाईंनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. ही गोष्ट घडली त्या वर्षी देशात काय चालले होते हे आठवावे, म्हणजे त्या बाईंचे धैर्य कळते.

दुसरे नाव कमलाबाई निंबकरांचे. या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. मराठी घरात सून म्हणून आल्या आणि येथल्याच झाल्या. फिलाडेल्फियास जाऊन त्या व्यवसायोपचार शिकल्या. रुग्णाच्या हाताला काम देऊन त्याचा हात परत आणावयाचा, अशी ही भौतिकोपचाराची सख्खी बहीण. १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. आशियातील ती पहिली. दोनच वर्षांत अखिल भारतीय संघटना निघाली, आणि त्याच १९५२ साली जी जागतिक महासंघटना स्थापन झाली तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे. पण निंबकरबाईंनी या देशाला काय दिले हे फलटणबाहेर किती जणांस ठाऊक आहे, कोण जाणे.

भौतिकोपचाराची शाळाही त्याच के. ई. एम. रुग्णालयाच्या आश्रयाने, १९५२-५३ च्या सुमारास निघाली. मुंबई महानगरपालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना अशा तिघांचे हात तिला लागले होते, आणि कारण होते मुंबईतील पोलिओची साथ. १९५५ मध्ये हाजीअलीस केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. त्याच वर्षी भौतिकोपचारकांनी आपली अखिल भारतीय संघटना बांधली, आणि १९६७ मध्ये ती जागतिक महासंघाची सभासद झाली.

येथवर सारे शोभून दिसते. पण नेमके येथेच एक कायदेशीर गोम आहे. शाळा निघाली, परीक्षा सुरू झाल्या, पुढे विद्यापीठांच्या पदव्याही आल्या. परंतु पदवी म्हणजे सनद नव्हे. माझी कायद्याची पदवी नागपूरची. ती हाती आली तरी मला न्यायालयात उभे राहता आले नाही. जबलपूरच्या परिषदेच्या पटावर नाव चढले तेव्हाच मी वकील झालो. आणि तो पट असल्यामुळेच पदवी नसलेल्याने काळा डगला घातला तर त्याला धरता येते. भौतिकोपचारात पदवी होती, पट नव्हता. पट नसल्याने शाळा तपासण्याचा अधिकारही कायद्याने कोणाकडे नव्हता. संघटना आपल्या परीने शाळांना मान्यता देत असे. तिची मान्यता नसलेल्या शाळेत शिकलेल्यास संघटनेचे सभासदत्व मिळण्यास अडचण पडे इतकेच. त्याला दवाखाना घालण्यास कोणीही अडवू शकत नव्हते. नात्यातल्या लोकांनी वाळीत टाकावे तसा हा प्रकार. ज्याला त्या पंगतीत बसावयाचेच नाही त्याला त्याचे काय?

हे असे का राहिले? मला दिसते ते कारण असे. भौतिकोपचारक हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर काम करणारा, तेव्हा डॉक्टरची नोंदणी असली म्हणजे पुरे, अशी समजूत होती. समजूत रुग्णालयाच्या आत खरीही होती. पण ही विद्या रुग्णालयाबाहेर पडली, गल्लोगल्ली दवाखाने झाले, आणि चिठ्ठीवाचून येणारे रुग्ण अधिक झाले, तेव्हा ती समजूत उघडी पडली. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालयांचा मार्ग मोकळा झाला होताच. पुढील काळात भौतिकोपचाराची महाविद्यालयेही भराभर निघाली. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यभरच्या परीक्षा एका छत्राखाली आल्या, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि विद्यापीठ परीक्षा घेते. पाट्या तपासत नाही.

कायदे आले ते फुटकळ आणि उशिरा. दिल्लीचा १९९७ चा. आमच्या मध्य प्रदेशाचा २००० चा सह चिकित्सीय परिषदेचा, ज्यात तंत्रज्ञ आणि भौतिकोपचारक एकाच गाठोड्यात बांधले गेले. महाराष्ट्राचा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा नावाने २००२ चा, पण पुस्तकात तो २००४ चा दुसरा अधिनियम म्हणून आहे. परळच्या शाळेपासून मोजले तर पन्नास वर्षे होतात. १९९२ मध्ये पुनर्वसन परिषदेचा केंद्रीय कायदा झाला होता. भौतिकोपचारक त्याच्या बाहेरच राहिले. २००७ मध्ये त्यांच्यासाठी केंद्रीय परिषदेचे विधेयक लोकसभेत आले आणि २००९ मध्ये लोकसभेबरोबरच विसर्जित झाले. २०१८ अखेरीस दुसरे आले; तेही मागे पडून अखेर २०२१ चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात भौतिकोपचाराला स्वतंत्र वर्ग मिळाला, राज्याची आणि मध्यवर्ती अशा नोंदवह्या सांगितल्या गेल्या, महाविद्यालये तपासण्याचा अधिकार आला, आणि खोटी नोंदणी मिरविणारास शिक्षाही आली. मात्र राज्यांच्या परिषदा निघेनात, तेव्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयास केंद्र व राज्ये यांना मुदत घालून द्यावी लागली. कायदा करणारास कायदा पाळावयास सांगावे लागते, हे आमच्या व्यवसायात नवे नाही.

या गाथेत पोलिओ कोठे राहिला? तो गेला. भारतातील शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीतला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ज्या रोगाने ही विद्या आणली तो रोग नाहीसा होऊनही तिची निकड उणी झाली नाही. पक्षाघात, मधुमेह, मोटारींचे अपघात आणि वाढलेले वय यांनी त्याची जागा भरून काढली. कायदा मात्र या दोहोंच्याही मागून आला.

आता पक्षकाराचा प्रश्न. १९५६ पूर्वी तो उद्भवलाच नसता. तेव्हा सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते, किंबहुना नागपूर हीच आमची राजधानी होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर तहसील मराठी बोलणारी असूनही छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला तरी राज्य तेच. आजार मात्र सीमा जाणत नाही. आमच्याकडे माणसाच्या छातीत कळ आली की गाडी भोपाळच्या दिशेने नव्हे, सावनेरच्या रस्त्याने नागपूरला धावते. मुलीही तिकडेच शिकतात. म्हणजे शिक्षण नाशिकच्या विद्यापीठाचे, नोंद मुंबईच्या परिषदेत, रुग्ण सौंसरचा, आणि अधिकार भोपाळचा.

२०२१ च्या कायद्याचा हेतू हा घोळ मिटविण्याचाच आहे. एका राज्यात चढलेले नाव मध्यवर्ती नोंदवहीत जावे आणि देशभर चालावे. पण हेतू आणि अंमल यांत किती अंतर पडते याचा दाखला माझ्याच सनदेत आहे. वकिलास भारतातील कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क देणारे कलम १९६१ च्या अधिनियमात पहिल्या दिवसापासून छापलेले होते. ते अमलात आले १५ जून २०११ रोजी. पन्नास वर्षे ते कागदावर शांत निजून होते. म्हणून मी पक्षकारास सांगितले, की मध्यवर्ती नोंदवहीची वाट जरूर पाहावी, पण तोवर भोपाळलाही नाव लावून घ्यावे. दोन ठिकाणी शुल्क भरावे लागेल, त्यास इलाज नाही. ते म्हणाले, “म्हणजे पोरगी एकदा शिकली आणि दोनदा मोजली गेली.” मला यावर उत्तर सुचले नाही.

परंतु नोंदणीपेक्षाही मोठा प्रश्न पुढे आहे, आणि तो या मंडळींत फारसा बोलला जात नाही. आपल्याकडे महाविद्यालयाला मान्यता देताना काय पाहतात? इमारत किती फुटांची, शिक्षक किती, यंत्रे कोणती, जोडलेले रुग्णालय किती खाटांचे. हे पाहिलेच पाहिजे. पण तेथून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे काय झाले, हे कोण पाहतो? अमेरिकेत भौतिकोपचाराच्या शाळांना मान्यता देणारे मंडळ हे विचारते. शाळेतून निघालेल्यांना राज्याची सनद मिळण्यापूर्वी देशव्यापी परीक्षा द्यावी लागते, आणि दोन वर्षांच्या सरासरीने शंभरांतील पंचाऐंशी जण ती अखेरीस उत्तीर्ण झाले नाहीत तर शाळेचीच मान्यता अडचणीत येते. किती विद्यार्थी पदवी घेऊन निघाले, किती सनदेस पात्र ठरले, किती कामाला लागले, हे आकडे शाळेने लोकांपुढे ठेवावयाचे असतात. आपल्याकडे प्रवेशाच्या जाहिरातीत इमारतीचे चित्र असते. बाप ते चित्र पाहून शेत गहाण टाकतो.

२०२१ च्या कायद्यात शेवटच्या समान परीक्षेची तरतूद आहे. तिला विरोध होईल हे मी वकील म्हणून जाणतो. आमच्यावरही अशी परीक्षा २०१० नंतर आली, तेव्हा ‘पदवी असताना पुन्हा परीक्षा कशाला’ म्हणून प्रकरणे झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती परीक्षा योग्य ठरविली तेव्हा वाद मिटला. माझे मत परीक्षेच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर. ती कागदावरची असू नये. कोपराची रचना पाठ म्हणणारा विद्यार्थी दुखावलेले कोपर ओढावयाचे नाही हे हाताने जाणतो की नाही, याची ती परीक्षा असावी. सुश्रुताने काकडी आणि कोहळा उगीच सांगितलेला नाही.

याऐवजी सध्या चर्चा रंगते ती नावामागे काय लावावे याची. २०२५ मध्ये नव्या आयोगाने पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला, त्यातील एक वर्ष प्रत्यक्ष सेवेचे. महाराष्ट्रात आजवर चार वर्षे आणि वर सहा महिने अशी रीत होती. हा बदल चांगला आहे. पण गाजले ते वेगळेच : नावाआधी ‘डॉ.’ लावण्यास त्यात मुभा होती. सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने त्याविरुद्ध पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. डॉक्टरांच्या संघटना एका बाजूस, भौतिकोपचारक दुसऱ्या बाजूस, आणि प्रकरण न्यायालयांच्या दारी. वकिलांचे यात भलेच होणार, म्हणून मी अधिक बोलत नाही. एवढेच म्हणतो, की नागपूरच्या त्या बाईंच्या नावामागे काय होते हे मला आठवत नाही. त्यांची कोन मोजण्याची वही आठवते. पहिल्या पानावर माझे नाव आणि खाली पहिल्या दिवसाचा आकडा. दर आठवड्यास त्या मागचे पान उलटून मला दाखवीत. शाळांच्या तपासणीत अशी एखादी वही असती, तर मान्यता देणाऱ्यास वेगळे काही विचारावे लागले नसते.

पक्षकाराच्या मुलीची भोपाळची नोंद यथावकाश झाली. जामसांवळीच्या रस्त्यावर एक खोली भाड्याने मिळाली. मी पाटीवर दोन्ही परिषदांचे क्रमांक रंगवावयास सांगितले होते, तसे तिने रंगविले. रंगाऱ्यास जागा पुरेना, म्हणून त्याने पदवी बारीक अक्षरांत घातली आणि क्रमांक मोठे काढले. “काका, हे उलटे झाले का?” असे तिने विचारले. तसेच राहू दे, असे मी सांगितले.